हरवलेले मुखत्यारपत्र आणि वृद्ध आईवडिलांचे व्यवहार : शोधाच्या वाटा आणि त्यांच्या मर्यादा

वृद्ध आईवडिलांचे बँकखाते, सदनिका, शेतजमीन किंवा कराची कामे मुलाला अथवा मुलीला पाहायची झाली, तर बहुतेक कार्यालयांत पहिली विचारणा अधिकारपत्राची होते. अनेक घरांत असे पत्र पूर्वी कधीतरी केलेले असते. वडिलांना सही केल्याचे आठवते, आईला नोटरीचे कार्यालय आठवते, पण कागद कोठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही. मग कपाटे, ट्रंका आणि जुन्या फायली उपसल्या जातात, आणि तेथे काही हाती लागले नाही की शोध संपल्याचे गृहीत धरले जाते. वास्तविक मुखत्यारपत्र कोणत्या रीतीने केले गेले त्यानुसार त्याची खूण एखाद्या सरकारी पुस्तकात, नोटरीच्या नोंदवहीत किंवा बँकेच्या दप्तरात उरलेली असू शकते, आणि ती कोणी, कोठे व कोणत्या हक्काने मागायची याचे नियमही ठरलेले आहेत. या वाटांचा आणि त्यांच्या मर्यादांचा महाराष्ट्राच्या संदर्भात येथे आढावा घेतला आहे. त्यातून निघणारा मुख्य निष्कर्ष असा की कागद शोधण्याआधी त्या कागदातील अधिकार आज शिल्लक आहे का हे तपासले पाहिजे, कारण ज्याचा अधिकार संपला आहे असा कागद सापडूनही उपयोगाचा नसतो, आणि ज्याचा अधिकार चालू आहे असा कागद हरवलेला असला तरी धोक्याचा असतो.

अधिकार शिल्लक आहे का

मुखत्यारपत्र म्हणजे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला आपल्या नावाने आणि आपल्या वतीने काम करण्याचा दिलेला लेखी अधिकार. एखाद्या ठरावीक कामापुरता तो दिला असेल तर त्याला विशेष मुखत्यारपत्र म्हणतात, आणि अनेक प्रकारच्या व्यवहारांसाठी दिला असेल तर कुलमुखत्यारपत्र. या विषयावर मुखत्यारपत्र अधिनियम, १८८२ हा स्वतंत्र पण अतिशय लहान कायदा आहे. अधिकार देणारा आणि घेणारा यांच्यातील नात्याचे मूळ नियम मात्र भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील अभिकर्त्याविषयीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याविषयीच्या, प्रकरणात आहेत. त्यातील कलम २०१ नुसार अधिकार देणाऱ्याने तो काढून घेतला, मुखत्याराने तो सोडला, ठरलेले काम पूर्ण झाले, दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला किंवा एकाचे मन अस्थिर झाले, तर हा अधिकार संपतो. अपवाद आहे तो कलम २०२ चा, म्हणजे त्या व्यवहारात मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध गुंतलेला असेल तेव्हाचा. परंतु आईवडिलांनी केवळ सोयीसाठी मुलांना दिलेले मुखत्यारपत्र सहसा त्यात बसत नाही.

या तरतुदीचा पहिला परिणाम मृत्यूनंतरच्या शोधावर होतो. आई किंवा वडील गेल्यानंतर त्यांनी दिलेले मुखत्यारपत्र शोधण्यात घालवलेले दिवस वाया जातात, कारण त्यांच्या मृत्यूबरोबरच तो अधिकार संपलेला असतो. त्या टप्प्यावर नामनिर्देशन, मृत्युपत्र, भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खालील उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली न्यायालयाकडून मिळणारा वारस दाखला ही साधने उपयोगी पडतात.

दुसरा परिणाम अधिक नाजूक आहे. केवळ शरीर थकल्याने, दृष्टी गेल्याने किंवा अर्धांगवायूमुळे सही करता येत नसल्याने मुखत्यारपत्र संपत नाही. समजून निर्णय घेण्याची क्षमता गेली तर मात्र प्रश्न उभा राहतो. करार अधिनियमाचे कलम १२ या क्षमतेचा विचार करार करतानाच्या क्षणापुरता करते, त्यामुळे एरवी मन अस्थिर असलेली व्यक्तीही मन स्थिर असलेल्या काळात करार करू शकते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चे कलम ३ तर स्पष्ट सांगते की सक्षम न्यायालयाने तसे ठरवल्याशिवाय केवळ मानसिक आजाराच्या निदानावरून कोणाचे मन अस्थिर मानता येणार नाही. म्हणून स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या अवस्थेतील आईचे मुखत्यारपत्र संपले असे घाईने मानणे जसे चूक, तसेच तिला कोणतीही गोष्ट उमगत नसताना जुन्या कागदाच्या आधारे तिचे घर विकणेही गैर. या दोन टोकांच्या मध्ये कुटुंबाला डॉक्टरांचे लेखी मत आणि वकिलाचा सल्ला घ्यावा लागतो.

आईवडील समजदार अवस्थेत असतील तर अनेकदा शोधापेक्षा नवे मुखत्यारपत्र करणे सोपे असते. आजारपणामुळे कार्यालयात जाणे धोक्याचे किंवा फार गैरसोयीचे असेल, तर नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३३ नुसार नोंदणी अधिकारी घरी येऊन खातरजमा करू शकतो. काही कामांसाठी तर मुखत्यारपत्राची गरजच नसते. वृद्ध, आजारी किंवा असमर्थ खातेदाराला सही करता येत नसेल तर अंगठ्याचा अथवा पायाच्या अंगठ्याचा ठसा बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावा, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, आणि त्यावर पैसे काढू द्यावेत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. शोधाचा खटाटोप करण्यापूर्वी हे पर्याय तपासले तर कित्येक कुटुंबांची मोठी धावपळ वाचेल.

कागदाचा प्रकार आणि त्याची खूण

शोध घ्यायचाच असेल तर ते मुखत्यारपत्र कोणत्या रीतीने झाले हा पहिला प्रश्न असतो. व्यवहारात चार रीती प्रामुख्याने दिसतात. पहिली, मुद्रांक कागदावर फक्त साक्षीदारांसमोर सही केलेले पत्र. त्याची खूण बाहेर कोठेही हमखास उरत नाही. दुसरी, नोटरीसमोर केलेले पत्र. तिसरी, नोंदणी अधिनियमाच्या कलम ३३ खाली दुय्यम निबंधकासमोर सही करून त्याने प्रमाणित केलेले पत्र. चौथी, रीतसर नोंदणी केलेला दस्त. शेवटच्या दोन रीतींत लोकांची नेहमी गल्लत होते. प्रमाणित करणे म्हणजे सही करणारी व्यक्ती तीच आहे याची दुय्यम निबंधकाने खातरजमा करून तसा शेरा देणे. अशा पत्राचा केवळ गोषवारा कार्यालयाच्या नोंदवहीत राहतो. नोंदणी करणे म्हणजे संपूर्ण दस्ताची प्रत सरकारी पुस्तकात कायम जतन होणे. म्हणून ‘रजिस्टर ऑफिसात केले होते’ एवढ्या आठवणीवरून पूर्ण नक्कल मिळेलच असे नाही; दोन्हींपैकी कोणते झाले ते पाहावे लागते.

परदेशात राहणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक रीत जोडली जाते. अमेरिकेत किंवा आखातात मुलाकडे राहायला गेलेले आईवडील पुण्यातील सदनिकेसाठी भावाला अथवा भाच्याला मुखत्यार नेमतात, तेव्हा ते पत्र भारतीय वाणिज्य दूतावासात किंवा तेथील नोटरीसमोर केले जाते. भारत २००५ मध्ये हेग येथील अपोस्टिल करारात सामील झाल्यापासून करारातील देशांतले कागद अपोस्टिल या एकाच प्रमाणपत्राने इथे मान्य होऊ शकतात. असे पत्र राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम १८ नुसार त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, आणि त्यासाठी ते मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे सादर होते. त्यामुळे परदेशी मुखत्यारपत्राची खूण दूतावासाच्या किंवा अपोस्टिलच्या क्रमांकाखेरीज शुल्क भरल्याच्या चलनातही सापडू शकते.

नोंदणी कार्यालयातील शोध

नोंदणी झालेल्या दस्ताचा शोध सर्वांत आशादायक असतो. नोंदणी अधिनियमाच्या कलम ५१ नुसार कार्यालयात वेगवेगळी पुस्तके ठेवली जातात : स्थावर मालमत्तेशी संबंधित दस्त पहिल्या पुस्तकात, मृत्युपत्रे तिसऱ्यात आणि इतर संकीर्ण दस्त चौथ्यात. ज्या मुखत्यारपत्राने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही ते सहसा चौथ्या पुस्तकात जाते, आणि येथेच बहुतेक शोध अडतात. पहिले पुस्तक आणि त्याची सूची कोणालाही शुल्क भरून पाहता येते. परंतु कलम ५७ नुसार चौथ्या पुस्तकातील नोंदीची नक्कल फक्त दस्त करून देणाऱ्याला, त्या दस्ताखाली हक्क सांगणाऱ्याला किंवा त्यांच्या प्रतिनिधीलाच मिळते, आणि शोधही नोंदणी अधिकारीच घेतो. म्हणजे मुलाला स्वतःच्या नावाने अर्ज करून भागत नाही. वडिलांच्या सहीचे अधिकारपत्र जोडावे लागते किंवा त्या दस्तात ज्याला मुखत्यार नेमले आहे त्यानेच अर्ज करावा लागतो. ही अडचण वाटत असली तरी तिच्यामागे वृद्धांच्या खाजगी व्यवहारांचे रक्षण आहे, आणि म्हणून तिला वळसा घालण्याचा प्रयत्न करू नये.

अर्जासाठी सर्वांत मोलाची गोष्ट दस्त क्रमांक असते. महाराष्ट्रात संगणकीय नोंदणी झालेल्या दस्ताच्या प्रत्येक पानावर कार्यालयाचा संक्षेप, अनुक्रमांक आणि वर्ष छापलेले असते. ‘हवल’ हा हवेलीचा, ‘टनन’ हा ठाण्याचा, ‘बरल’ हा बोरिवलीचा संक्षेप. एखाद्या पानाची झेरॉक्सही हाती असली तरी तेवढ्यावर दस्त गाठता येतो. दस्त हाती नसेल तर नोंदणी शुल्काची पावती शोधावी. तिच्यावर ‘३९ म’ असा नमुना क्रमांक असतो आणि दस्ताचा क्रमांक व तारीखही असते. पावतीही नसेल तर वर्ष, लिहून देणाऱ्याचे पूर्ण नाव आणि त्या वेळचे राहते गाव या तीन गोष्टींवरून सूचीत शोध घेण्याची विनंती करावी लागते. इथे आईचे माहेरचे नाव, आडनावाची निरनिराळी इंग्रजी स्पेलिंगे किंवा जुना पत्ता यांमुळे नोंद निसटू शकते, म्हणून नावाचे सर्व पर्याय अर्जात द्यावेत.

जुन्या दस्तांची एक वेगळी शक्यता नेहमी दुर्लक्षिली जाते. संगणकीकरणापूर्वी काही शहरांतील दस्त छायाचित्रणासाठी पुण्याच्या शासकीय फोटो नोंदणी कार्यालयाकडे पाठवले जात आणि मूळ दस्त परत मिळायला बराच काळ लागे. तोवर पक्षकारांनी घर बदललेले असे किंवा ते विसरून जात. त्यामुळे घरात कधीच न आलेला मूळ दस्त दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात पडून असण्याची शक्यता असते. मात्र कलम ८५ नुसार मृत्युपत्राखेरीज इतर दस्त दोन वर्षांहून अधिक काळ कोणी नेले नाहीत तर ते नष्ट करता येतात, म्हणून अशी चौकशी लवकर करणे हिताचे.

मुखत्यारपत्र आधी एखाद्या व्यवहारात वापरले गेले असेल तर आणखी एक मार्ग खुला होतो. मुखत्याराने सदनिका विकली किंवा घेतली असेल, तर त्या विक्रीदस्ताच्या कागदपत्रांत मुखत्यारपत्राची प्रत जोडलेली असते आणि सोबत मुखत्याराचे घोषणापत्रही असते, ज्यात अधिकार देणारी व्यक्ती हयात आहे आणि तिने अधिकार काढून घेतलेला नाही असे नमूद केलेले असते. विक्रीदस्त पहिल्या पुस्तकातला असल्याने त्याची नक्कल मिळणे सोपे जाते, आणि तिच्यासोबत हरवलेल्या मुखत्यारपत्राचा मजकूरही हाती येऊ शकतो.

नोटरी, बँक, लॉकर आणि घर

नोटरीसमोर केलेल्या पत्राच्या बाबतीत अपेक्षा मर्यादित ठेवाव्या लागतात. नोटरी अधिनियम, १९५२ आणि त्याखालील १९५६ चे नियम यांनुसार नोटरीला नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे. अशी नोंद ते पत्र झाल्याचे दाखवते, पण पत्रात कोणते अधिकार दिले होते ते सांगत नाही, कारण संपूर्ण प्रत नोटरीकडे असतेच असे नाही. नोटरी कोण होते हेच आठवत नसेल तर मुद्रांक कागदाची झेरॉक्स उपयोगी पडते : कागदाच्या मागे मुद्रांक विक्रेत्याचे नाव, परवाना क्रमांक, तारीख आणि खरेदी करणाऱ्याचे नाव असते, आणि मुद्रांक विक्रेता व नोटरी पुष्कळदा एकाच न्यायालयाच्या किंवा तहसील कचेरीच्या आवारात बसणारे असतात. गोव्यात स्थिती वेगळी आहे. तेथे पोर्तुगीज काळापासून सार्वजनिक दस्त नोटरीच्या पुस्तकातच लिहिण्याची परंपरा असल्याने जुन्या मुखत्यारपत्राचा पूर्ण मजकूर सरकारी पुस्तकांत मिळण्याची शक्यता अधिक असते.

याखेरीज ज्यांना ते पत्र पूर्वी दाखवले गेले त्या सर्वांची यादी करावी. बँकेने मुखत्याराला खाते चालवू दिले असेल तर पत्राची प्रत शाखेच्या दप्तरात असते. गृहनिर्माण संस्थेच्या सभासद फायलीत, विकासकाकडे, सनदी लेखापालाकडे आणि मजकूर तयार करणाऱ्या वकिलाकडेही ती असू शकते. स्वतः मुखत्यार, म्हणजे पुष्कळदा मोठा भाऊ, जावई किंवा शेजारी, मूळ पत्र बाळगून असतो, पण त्याला विचारण्याचे कोणालाच सुचत नाही. शेअर दलालाच्या फायलीत सापडणारे मुखत्यारपत्र मात्र वेगळे असते. ते डीमॅट खात्यातील समभाग देण्यापुरते असते आणि त्याने घराचे किंवा बँकेचे कोणतेही काम होत नाही.

लॉकरचा पेच सर्वांत अवघड आहे. मूळ मुखत्यारपत्र वडिलांच्या एकट्याच्या नावावरील लॉकरमध्ये असेल आणि वडील अंथरुणाला खिळलेले व बेशुद्ध असतील, तर लॉकर उघडण्यासाठी जो अधिकार लागतो तो सिद्ध करणारा कागद त्या लॉकरमध्येच अडकलेला असतो. नामनिर्देशनाचा उपयोग मृत्यूनंतरच होतो. म्हणून मुखत्यारपत्र ठेवण्यासाठी एकट्याच्या नावाचा लॉकर ही सर्वांत वाईट जागा आहे.

नकलेचे मोल आणि हरवलेल्या कागदाचा धोका

मूळ पत्र न सापडता नक्कल मिळाली तर ती कितपत चालते, याचे उत्तर जागेनुसार बदलते. न्यायालयात, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६० नुसार मूळ दस्त हरवला किंवा नष्ट झाला असेल तर दुय्यम पुरावा, म्हणजे प्रमाणित प्रत किंवा मूळ कागदावरून केलेली विश्वसनीय प्रत, देता येतो. याच कायद्याच्या कलम ८४ नुसार नोटरी, न्यायालय किंवा भारतीय वाणिज्य दूत यांच्यासमोर झालेले व त्यांनी प्रमाणित केलेले मुखत्यारपत्र रीतसर केलेले आहे असे न्यायालय गृहीत धरते. बँक किंवा दुय्यम निबंधक कार्यालय मात्र मूळ पत्राचा आग्रह धरू शकते. तेव्हा पोलिसांकडील गहाळ नोंद, वृत्तपत्रातील जाहीर नोटीस, प्रतिज्ञापत्र आणि नुकसान भरून देण्याची हमी देणारे बंधपत्र असा संच मागितला जातो.

हरवलेले पत्र दुसऱ्याच्या हाती लागले किंवा दुरावलेल्या नातेवाइकाकडे राहिले तर काय, हा प्रश्न या शोधात सर्वांत कमी विचारला जातो. करार अधिनियमाच्या कलम २०८ नुसार अधिकार काढून घेतल्याचा परिणाम मुखत्यारावर त्याला ते कळल्यापासून, आणि त्रयस्थ व्यक्तींवर त्यांना ते कळल्यापासून होतो. म्हणून नवे मुखत्यारपत्र करताना जुने रद्द केल्याचा लेख स्वतंत्रपणे करणे, त्याची नोटीस जुन्या मुखत्याराला पोचपावतीने पाठवणे, आणि बँक, गृहनिर्माण संस्था व जेथे जुने पत्र वापरले होते त्या प्रत्येक कार्यालयाला लेखी कळवणे अत्यावश्यक ठरते. जुने पत्र नोंदणीकृत असेल तर रद्दलेखाचीही नोंदणी करावी. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात केवळ कुलमुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही असे स्पष्ट केले असले, तरी मुखत्याराने अधिकाराच्या आत राहून केलेला विक्रीदस्त वेगळा, आणि त्याचे परिणाम वृद्धांना छपराविना ठेवण्याइतके गंभीर होऊ शकतात.

जेथे कागदाने भागत नाही

आईवडिलांची निर्णयक्षमता पूर्ण गेली असेल तर सापडलेले मुखत्यारपत्रही आधार देत नाही, आणि इथे भारतीय कायद्यातील उणीव उघडी पडते. ज्या अवस्थेसाठी वृद्ध माणूस काळजीने व्यवस्था करून ठेवतो, नेमक्या त्याच अवस्थेत ती व्यवस्था कोसळते. बेशुद्धावस्थेतील रुग्णांसाठी केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पालक नेमण्याची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि मुंबई उच्च न्यायालयानेही अशा याचिकांत जवळच्या नातेवाइकांना पालक नेमले आहे. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची सोय आहे. परंतु रुग्णालयाचे देयक भरण्यासाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठावणे सामान्य कुटुंबाला परवडणारे नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मेंटल कपॅसिटी ॲक्ट, २००५ नुसार केलेले ‘लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी’ निर्णयक्षमता गेल्यानंतरही चालू राहते. ते वापरण्यापूर्वी ऑफिस ऑफ द पब्लिक गार्डियनकडे नोंदवावेच लागते, आणि मूळ कागद हरवला तरी तेथून अधिकृत प्रत मिळते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा आधार आहे. त्याच कुटुंबांच्या भारतातील आईवडिलांना मात्र तो नाही.

भारतीय कायद्यात नोंदवहीची कल्पना मात्र नवी नाही. १८८२ च्या मुखत्यारपत्र अधिनियमाचे कलम ४ असे सांगते की प्रतिज्ञापत्राने खातरजमा केलेले मुखत्यारपत्र उच्च न्यायालयात किंवा जिल्हा न्यायालयात जमा करता येते, अशा पत्रांची स्वतंत्र फाइल ठेवली जाते, ती कोणालाही पाहता येते, आणि तेथून मिळालेली प्रमाणित प्रत अधिक पुराव्याशिवाय मजकुराचा पुरेसा पुरावा मानली जाते. ‘मूळ कागद हरवला तर काय’ या प्रश्नाचे उत्तर इतक्या वर्षांपूर्वी कायद्यात लिहून ठेवलेले असताना किती कुटुंबांना आणि किती वकिलांना ते सुचते, याचा विचार व्हायला हवा.

म्हणून आईवडील समजदार आहेत तोवर करण्याजोगी कामे ठरलेली आहेत : मुखत्यारपत्र नुसते नोटरी न करता नोंदवावे किंवा कलम ४ खाली जमा करावे, दस्त क्रमांक, तारीख व कार्यालय यांची एक नोंद आई, वडील आणि सर्व मुले यांच्याकडे असावी, दोन-तीन प्रमाणित प्रती आधीच काढून ठेवाव्यात, आणि जुने प्रत्येक पत्र नाव घेऊन रद्द करावे. शासनाच्या बाजूने, निर्णयक्षमता गेल्यानंतरही चालणारे आणि गैरवापरावर देखरेख असलेले मुखत्यारपत्र कायद्यात आणणे आणि सर्व प्रमाणित मुखत्यारपत्रांची एकत्र, शोधता येणारी नोंद ठेवणे ही कामे आता लांबणीवर टाकण्यासारखी नाहीत. या सर्व व्यवस्थेच्या केंद्रस्थानी ज्याचे घर आणि पैसा आहे त्या वृद्ध व्यक्तीची इच्छा असली पाहिजे. ती बोलू शकते तोवर पहिला प्रश्न तिलाच विचारला गेला पाहिजे, आणि ती बोलू शकणार नाही तेव्हा तिने पूर्वी दिलेले उत्तर विश्वासाने वाचता येईल अशा जागी ते जपलेले असले पाहिजे.